पंच्याऐंशी ग्रॅमचा वाद

गळ, तंगूस, शिसं आणि आमिष. कोकणात खाडीकाठी गरवायला बसणाऱ्या कोणालाही ही चार नावं पाठ असतात आणि त्यांतल्या शिशाचा तो फारसा विचार करत नाही. गळ लांब फेकता यावा आणि भरतीच्या ओढीत जागेवर राहावा म्हणून शिसं. कमी पडलं तर थोडं वाढवायचं, विषय संपला. इंग्लंडमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर मात्र याच शिशाने चाळीसेक वर्षं लोकांना वादात गुंतवून ठेवलं आहे. फेकीसाठी ते तिथेही लागतंच, पण त्याच्यावर आणखी एक काम सोपवलेलं असतं. माणूस काठावरच्या तंबूत झोपलेला असताना माशाच्या ओठात गळ रुतवण्याचं काम. त्यासाठी शिसं किती जड हवं? चाळीस ग्रॅम, पंच्याऐंशी, की दीडशे?

वाद ज्या माशावरून आहे तो आपल्याला परका नाही. कॉमन कार्प म्हणजे महाराष्ट्रातल्या शेततळ्यांत आणि धरणांत रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीने सोडला जाणारा सायप्रिनस. त्याची जर्मन जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली, बँकॉक जात १९५७ मध्ये. आपल्याकडे त्याचा हिशेब किलोच्या भावाने होतो. इंग्लंडमध्ये मात्र हौशी मासेमार तो खाण्यासाठी पकडत नाहीत. पकडायचा, ओल्या गादीवर ठेवून गळ काढायचा, तोलायचा, फोटो घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मोठ्या माशांना नावंही असतात. केंट परगण्यातल्या कॉनिंगब्रुक तळ्यातला ‘टू-टोन’ २००८ मध्ये ६७ पौंड १४ औंस, म्हणजे जवळपास ३१ किलो भरला आणि ब्रिटनचा विक्रम त्याच्या नावावर लागला. दोन वर्षांनी तो मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी छापली.

मराठी वाचकाच्या कपाळावर आठी पडली तर नवल नाही. पण शिशाच्या वादाची गोम इथेच आहे. कालवणात गेलेला मासा काही शिकत नाही, सोडून दिलेला शिकतो. एकाच तळ्यातले तेच तेच मासे वर्षानुवर्षं गळाला लागत आणि सुटत राहिले की फसवणारा आणि फसणारा यांच्यातला खेळ दर हंगामात थोडा अवघड होत जातो.

वजन नकोच, असा एक काळ

आजच्या वादाची सुरुवात त्याच्या नेमक्या उलट मतापासून झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठा कार्प गळाला लागणं हा केवळ योगायोग मानला जाई. मासा फार सावध, त्याला तंगुसाची जराशी ओढ जाणवली तरी तो आमिष टाकून देतो, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे शहाणा मासेमार शिसं लावतच नसे. गळ, आमिष आणि मोकळी सोडलेली दोरी.

रिचर्ड वॉकर हे या पिढीचं मोठं नाव. पेशाने अभियंता आणि स्वभावानेही. १३ सप्टेंबर १९५२ ला हेरफर्डशायरमधल्या रेडमायर या लहानशा तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प पकडला. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात अनेक वर्षं जगला आणि त्या वजनाचा विक्रम १९८० पर्यंत टिकला. वॉकर यांनी लावलेलं आमिष आजच्या चर्चेच्या दृष्टीने फार बोलकं आहे. पावाचा तरंगणारा कडक पापुद्रा आणि त्याला बुडवायला पावाच्याच मळलेल्या लगद्याची गोळी. दोन्हींचं प्रमाण असं जमवायचं की गळासकट आमिष अगदी अलगद तळाशी बसावं आणि माशाने ओढ घेताच हलकेच उचललं जावं. म्हणजे वजनाचा विचार तेव्हाही होताच, पण वजन नाहीसं कसं करायचं, या दिशेने.

गंमत म्हणजे नासपतीच्या आकाराचं, डोक्याला फिरती कडी असलेलं ‘आर्लसी बॉम्ब’ हे प्रसिद्ध शिसंही वॉकर यांच्याच डोक्यातून निघालं. ते त्यांनी केलं पर्च माशासाठी, लांब फेकता यावं म्हणून. तंगूस त्याच्या कडीतून मोकळा सरकत असे. माशाने दोरी ओढली तर दोरी जावी, शिसं जागेवर राहावं आणि माशाला काही कळू नये. माशाने आमिष घेतल्याची खूण दिसली की काठी झटकून गळ रुतवायचा तो माणसाने. शिशाने नव्हे.

केस आला आणि शिशाला काम मिळालं

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी एक साधी वाटणारी, पण सगळा खेळ उलटवणारी युक्ती काढली. आमिष गळावर खोवायचंच नाही. गळाला एक केस बांधायचा आणि आमिष त्या केसाला लटकवायचं. सुरुवातीला हा खरोखरचा माणसाचा केस होता, म्हणून नाव पडलं ‘हेअर रिग’. कार्प आमिष तोंडात ओढतो तेव्हा गळ मागोमाग उघडा, मोकळा आत जातो. मासा आमिष चाचपतो, काहीतरी खटकतं, तो थुंकायला जातो आणि उघडं टोक ओठात टोचतं. १९८१ च्या ‘कार्प फीवर’ या मॅडॉक्स यांच्या पुस्तकाच्या सुमारास ही युक्ती सर्वतोमुखी झाली.

टोचणं आणि रुतणं यांत मात्र फरक आहे. नुसता टोचलेला गळ मासा दोनदा डोकं हलवून काढून टाकतो. मग दोरीवर मोकळं सरकणारं शिसं जागेवर अडकवलं गेलं आणि जडही झालं. टोचल्याबरोबर मासा बिचकून उधळतो, शिशाचं वजन हिसक्याने गळावर येतं आणि टोक आत जातं. उधळण्यावरून याला ‘बोल्ट रिग’ म्हणू लागले. अंड्यात मळून उकडलेल्या पिठाच्या बोराएवढ्या टणक गोळ्या, त्यांना तिथे ‘बॉइली’ म्हणतात, तोवर आमिष म्हणून रूढ होत होत्या. त्या रात्रभर पाण्यात टिकत. आता माणसाने काठी धरून बसायचंही कारण उरलं नाही. काठीवर लावलेला विजेचा भोंगा वाजेपर्यंत मासा स्वतःच गळाला लागलेला असे.

एका पिढीपूर्वी जे टाळायचं होतं तेच आता मुख्य शस्त्र झालं. वाद इथून सुरू होतो.

माशाच्या तोंडात

बाजू समजून घेण्याआधी पाण्याखाली काय होतं ते पाहायला हवं. याबाबत सर्वांत भक्कम काम मासेमारांचं नाही, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांचं आहे. फर्डिनांड सिबिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात क्ष-किरण चित्रफितींच्या मदतीने कार्पचं खाणं टप्प्याटप्प्याने टिपलं. कार्पच्या जबड्यात दात नसतात, दाढा असतात त्या घशात. तो तोंड नळीसारखं पुढे काढतो, पाण्याबरोबर गाळ, खडे, अळ्या, दाणे सगळं आत ओढतो. मग टाळूवरचा चवीच्या पेशींनी भरलेला मांसल भाग खाद्य तेवढं धरून ठेवतो आणि बाकीचं पाण्याबरोबर बाहेर जातं. आपण डाळ निवडतो तसं हे निवडणं दिवसभर चाललेलं असतं. नको ती वस्तू थुंकणं ही कार्पची खास हुशारी म्हणता येणार नाही. ती त्याची जेवायची रीतच आहे.

या रीतीत शिसं दोन वेळा आडवं येऊ शकतं. आत ओढताना गळाला बांधलेला आखूड दोरा, म्हणजे हूकलिंक, पुरेसा लांब नसेल तर आमिष तोंडात शिरण्याआधीच ताण बसतो. आणि नंतर, आमिष तोंडात असताना मासा डोकं उचलतो किंवा वळतो तेव्हा. पण निव्वळ थुंकताना दोरा सैल पडतो. सैल दोऱ्याच्या टोकाला १५० ग्रॅम असो की ३०, त्या क्षणी गळाला त्याचा पत्ताच लागत नाही. ‘जड शिसं म्हणजे जास्त मासे’ या समीकरणातली ही पहिली भेग आहे आणि वाद करणारे पुष्कळदा ती ओलांडून पुढे जातात.

आता थोडा हिशेब. ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम शिसं पाण्यात सुमारे ७७ ग्रॅमच भरतं, कारण तेवढं पाणी ते बाजूला सारतं. माशाने ते सावकाश उचललं तर गळाच्या टोकावर जास्तीत जास्त तेवढाच भार येतो. पण मासा झटक्याने निघाला तर शिशाचं जडत्वही आड येतं. उधळण्याचा वेग दर सेकंदाला २० मीटर प्रतिसेकंदाने वाढतो असं धरलं, तर त्याच ८५ ग्रॅमला हलवायला पावणेदोनशे ग्रॅमच्या ओझ्याएवढा जोर लागतो. ५ औंसांना, म्हणजे १४२ ग्रॅमला, सुमारे २९० ग्रॅमचा. १ औंसाला साठाच्या आत. दहा किलोंच्या माशाला यांतलं काहीच थोपवू शकत नाही. पण सगळा जोर सुईच्या अग्राएवढ्या टोकावर एकवटतो, म्हणून फरक पडतो.

म्हणजे शिशाचं ‘वजन’ ही एक गोष्ट नाही. उचलताना जाणवणारा भार वेगळा, हिसक्याला होणारा अडथळा वेगळा, आणि दोन्ही माशाला नेमके केव्हा जाणवतात हा प्रश्न तिसराच. तळ्यावरच्या गप्पांत मात्र सगळं औंसांच्या एका आकड्यात कोंबलं जातं.

जड शिशाची बाजू

या बाजूचं म्हणणं सरळ आहे. मासा टोचला जाण्यापासून गळ थुंकण्यापर्यंत फार तर एखाद-दुसरा सेकंद मिळतो. त्या वेळात जेवढा जोर टोकावर येईल तेवढा गळ खोल जाणार. म्हणून तीन, चार, प्रसंगी पाच औंसांचं शिसं. हूकलिंक आखूड, वीतभर किंवा त्याहून कमी, म्हणजे डोकं जरा उचललं तरी भार लगेच येतो. कार्पचे ओठ जाड आणि लवचीक असतात, मोठा गळ त्यांत पूर्ण रुतवायला जोर लागतो, हा युक्तिवादही वजनदार आहे.

व्यवहारातले फायदे वेगळेच. जड शिसं लांब जातं, वाऱ्यात भरकटत नाही, आणि तळ कठीण आहे की गाळाचा ते पडताक्षणी दोरीतून हाताला कळतं. वाहत्या नदीत तर पर्यायच नसतो. युरोपातल्या मोठ्या नद्यांवर दीडशे-दोनशे ग्रॅमची शिसं सर्रास लावतात.

या मतातले जाणते लोकही एक मर्यादा मान्य करतात. गळ वाकापर्यंत रुतला की वाढीव वजनाने आणखी काही साधत नाही. पन्नासवरून शंभर ग्रॅमवर गेल्याने जो फरक पडेल तो दीडशेवरून दोनशेवर गेल्याने पडेलच असं नाही. शिवाय गाळात पडलेलं जड शिसं आत घुसतं आणि जाताना हूकलिंकही ओढून नेतं. गाळाच्या तळ्यावर हा तोटा फायद्याहून मोठा ठरू शकतो.

हलक्या आणि सरकत्या शिशाची बाजू

दुसरी बाजू माशाच्या शिकण्यावर बोट ठेवते. ज्या तळ्यात प्रत्येक जण अडकवलेलं जड शिसं लावतो तिथल्या माशाला ते ओळखीचं होतं, असं तिचं म्हणणं. असा मासा उधळत नाही. तो जागीच थांबतो, शिशाच्या विरुद्ध बाजूला ताण देतो आणि त्या ताणाचाच टेकू घेऊन डोकं झटकतो. शिसं जितकं जड तितका त्याला टेकू पक्का. भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला बांधलेली दोरी हिसके देऊन सोडवता येते, हवेत लोंबणारी नाही. शिसं हलकं किंवा सरकतं असेल तर झटका द्यायला विरोधच मिळत नाही. मासा गोंधळून चालू लागतो, भोंगा वाजतो आणि उरलेलं काम माणूस काठीने करतो. वॉकर यांच्या काळचं तत्त्व वेगळ्या वाटेने परतलं, असं म्हणायला हरकत नाही.

याला जोड आवाजाची. कार्पच्या कुळात कान आणि वायुपिशवी यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी असते. त्यामुळे या माशांना पाण्यातला आवाज इतर अनेक माशांपेक्षा चांगला ऐकू येतो. पाच औंसांचं शिसं उथळ पाण्यात पडलं तर त्याची वर्दी लागते, हा आक्षेप त्यामुळे पोकळ नाही. पाणवनस्पतींच्या तळ्यावर हलकं शिसं शेवाळावर अलगद टेकतं, ही आणखी जमेची बाजू.

जड पक्षाचं उत्तरही ठरलेलं आहे. सरकत्या शिशाला माणूस जागा हवा, दोरी शिशापर्यंत सरळ हवी आणि मासा काठापासून लांब नको. शंभर मीटरवर रात्री दोन वाजता यातली एकही अट पुरी होत नाही.

तिसरं मत: किती नव्हे, कुठे

गेल्या दोन दशकांत चर्चा औंसांकडून जोडणीकडे सरकली आहे. तीच ८५ ग्रॅम तीन तऱ्हेने लावली तर माशाला तीन वेगळ्या गोष्टी जाणवतात. तंगूस शिशाच्या पोटातून ओवलेला असेल, म्हणजे ‘इनलाइन’, तर हूकलिंक थेट शिशालाच जोडलेला असतो आणि ताण बसताच सगळा भार येतो. शिसं बाजूच्या चापाला लोंबत असेल तर आधी चाप आणि कडी हलतात, मासा काही सेंटिमीटर जातो, मग शिसं उचललं जातं. ‘हेलिकॉप्टर’ जोडणीत शिसं तंगुसाच्या अगदी शेवटी आणि हूकलिंक त्याच्या वर, तंगुसाभोवती फिरणारा. तिथे भार आणखी उशिरा आणि वाकड्या दिशेने येतो. त्यामुळे इनलाइनचं ६० ग्रॅम लोंबत्या ८५ ग्रॅमला भारी पडेल, हे म्हणणं कागदावर तरी पटतं.

शिवाय गळाजवळचं वजन. हूकलिंकवर गळापासून काही अंतरावर टंगस्टनच्या लगद्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा चिकटवतात किंवा बारीक छर्रा दाबून बसवतात. हेतू हा की तोंडात शिरलेला गळ आपल्या भाराने खाली वळावा आणि टोक खालच्या ओठाकडे यावं, कारण गळ तिथेच पक्का बसतो. वर म्हटल्याप्रमाणे थुंकताना दोरा सैल असतो आणि मोठ्या शिशाचं काही चालत नाही. त्या क्षणी कामाला येऊ शकतो तो हा दाणाच. पण त्याची किंमत मोजावी लागते. गळाचं टोक जड झालं की माशाच्या एका ओढीत ते कमी आत जातं. म्हणून काही जण नेमकं उलट करतात. बुचासारखं हलकं आमिष घेऊन गळाचं वजन जवळजवळ शून्यावर आणतात, म्हणजे आमिष आजूबाजूच्या सुट्या दाण्यांसारखंच सहज उचललं जावं. वॉकर यांचा पाव आणि लगदा वेगळ्या वेषात इथे पुन्हा भेटतो.

आपल्याकडे रोहू-कटल्यासाठी मळलेल्या पिठाच्या गोळ्याभोवती अनेक छोटे गळ सोडण्याची पद्धत आहे. तिथेही मासा पीठ ओढता ओढता एखादा मोकळा गळ आत घेतो. हेअर रिगशी तिचं नातं जवळचं आहे, मात्र पीठ किती जड असावं यावर कोणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

पुरावा काय म्हणतो

मतं भरपूर, पण त्यांच्या मुळाशी काय? सर्वांत मोठा साठा मासेमारांच्या स्वतःच्या वह्यांचा. त्यात उपजतच खोट आहे. वहीत नोंद होते ती गळाला लागलेल्या माशाची. आमिष उचलून, चाखून, थुंकून गेलेला मासा मोजला जात नाही, कारण भोंगा वाजलेलाच नसतो. जड शिसं लावून दहा मासे मिळाले म्हणजे ते चांगलं, असं म्हणताना दहा मासे बारा प्रयत्नांत मिळाले की शंभरात, हेच माहीत नसतं.

ही अडचण किती मोठी आहे ते पाण्याखालच्या कॅमेऱ्यांनी दाखवलं. कोर्डा या साहित्य बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक डॅनी फेअरब्रास यांच्या ‘अंडरवॉटर कार्प फिशिंग’ या चित्रफितींनी अनेक मासेमारांची झोप उडवली. कार्प आमिष पुन्हा पुन्हा उचलत होते, थुंकत होते, आणि वर काठावर भोंगा गप्प होता. या चित्रणाचं मोल मोठं आहे, पण मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ठरावीक तळी, स्वच्छ पाणी, कॅमेऱ्याजवळ आलेले तेवढेच मासे, आणि चित्रण करणारा शिसं-गळ विकणाराही. यात लबाडी आहे असं नव्हे, पण शिशाचं वजन तेवढं बदलून बाकी सगळं तंतोतंत तेच ठेवलेला प्रयोग तो नाही.

शास्त्रज्ञांनी मोजलं ते बहुतेक दुसरंच. डच संशोधक ब्योकेमा यांनी १९७० मध्ये तलावातल्या प्रयोगांवरून दाखवलं की एकदाच गळाला लागलेला कार्प पुढे बराच काळ गळ टाळतो. राट यांच्या १९८५ च्या अभ्यासातही पकडून सोडलेल्या माशांबाबत हीच दिशा दिसली. क्लेफोथ आणि आर्लिंगहाउस यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की पाळीव वाणाचे, धीट खाणारे कार्प रानटी वळणाच्या खवलेदार कार्पपेक्षा सहज लागतात. २०१७ मध्ये मंक आणि आर्लिंगहाउस यांनी माशांवर बसवलेल्या प्रक्षेपकांच्या आधारे पाहिलं की मासा आमिषाजवळ गेला एवढ्यावरून तो लागेल की नाही ते सांगता येत नाही. पुढची गाठ तोंडात पडते.

या सगळ्यातून हलक्या पक्षाच्या निम्म्या दाव्याला आधार मिळतो. मासा शिकतो, हे नक्की. पण तो शिशाचं वजन ओळखायला शिकतो, की आमिष टाळायला, की ती जागाच सोडायला, हे हे अभ्यास सांगत नाहीत. जड शिसं अनुभवी माशाला टेकू देतं हा दावा अनुभवातून आलेला आणि पटण्याजोगा आहे, तरी तो सिद्ध झाला आहे असं मानायला जागा नाही. हीच कसोटी जड पक्षालाही लागू पडते. जोराचा हिशेब बरोबर आहे, पण मासा उधळला तरच. न उधळणाऱ्या माशापुढे तो हिशेब कोलमडतो.

लागल्यानंतरचं शिसं

आणखी एक गुंता, आणि कदाचित व्यवहारात सर्वांत महाग पडणारा. गळ रुतवायला उपयोगी पडलेलं शिसंच झुंजीत शत्रू होऊ शकतं. मासा पृष्ठभागाजवळ डोकं झटकतो तेव्हा तोंडाखाली लोंबणारं शंभरेक ग्रॅमचं शिसं लंबकासारखं फिरतं, गळाची जखम रुंद करतं आणि गळ निसटतो. पाणवनस्पतीत तर ते नांगरासारखं अडकतं. यावर उपाय निघाला तो मासा लागताच शिसं गळून पडेल अशा चापांचा. मूळ हेतू सुरक्षिततेचा होता. दोरी तुटली तर माशाला शिसं ओढत मरावं लागू नये. त्यासाठी अनेक तळ्यांवर पक्क्या बांधलेल्या शिशाला बंदी असते. पण पुढे अडकलेलं नसतानाही, दर माशामागे शिसं सोडून देणं ही काही जणांची सवयच झाली. एक मासा, एक शिसं, तळाच्या गाळात.

कायदा आणि दगड

इथे वाद मासेमारांच्या हातून थोडा निसटतो. इंग्लंडमध्ये हंस शिशाचे छोटे मणी गिळून विषबाधेने मरू लागले, तेव्हा ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे एक औंसापर्यंतच्या, शिशाच्या वजनांवर १९८७ पासून निर्बंध आले. कार्पवाल्यांची शिसं त्याहून जड, म्हणून ती सुटली. डेन्मार्कने २००२ च्या सुमारास शिशाच्या मासेमारी साहित्याची आयात आणि विक्रीच बंद केली. युरोपीय रसायन संस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात ५० ग्रॅमपर्यंतच्या शिशाला तीन वर्षांची आणि त्याहून जड शिशाला पाच वर्षांची मुदत सुचवली होती. मुद्दाम पाण्यात टाकून द्यायच्या शिशाला मात्र मुदतच नको, ते लगेच थांबावं, असं त्यात म्हटलं होतं. झुंज सोपी व्हावी म्हणून शिसं सोडणाऱ्यांवर हा बाण थेट होता.

पर्याय म्हणून भोक पाडलेले नदीतले गोटे, लोखंड, काँक्रीट आणि खिशाला परवडलं तर टंगस्टन पुढे आले आहेत. शिशाला पर्यायी पदार्थ म्हणून ते चाचपले जात असले, तरी या आढाव्याच्या प्रश्नावर त्यांच्यामुळे अनपेक्षित प्रकाश पडू शकतो. ८५ ग्रॅमचा दगड पाण्यात पन्नासेक ग्रॅमच भरतो, कारण तो शिशाच्या सुमारे चौपट जागा घेतो. लोखंड ७४ ग्रॅम भरतं, टंगस्टन ८० च्या वर. म्हणजे उचलताना जाणवणारा भार दगडाचा शिशाच्या दोन तृतीयांश, पण झटक्याला होणारा जडत्वाचा अडथळा तेवढाच. उलट आकार मोठा असल्याने दगड जास्त पाणी ढकलतो आणि हिसक्याला थोडा अधिकच अडतो. भार आणि जडत्व या दोन गोष्टी शिशात कायम एकमेकींना चिकटून असतात, दगडात त्या सुट्या होतात.

एकाच तळ्यात, एकाच जोडणीवर, एकाच वजनाचा गोटा आणि शिसं आळीपाळीने लावले, आणि भोंग्याऐवजी कॅमेऱ्याने प्रत्येक उचल मोजली, तर माशाला गळाला लावतो तो भार की हिसका, याचा निवाडा होऊ शकेल. सावकाश डोकं उचलणाऱ्या माशांवर शिसं सरस ठरलं तर भार महत्त्वाचा. दोन्ही सारखे ठरले तर हिसका. मासा अनुभवी की नवखा, तळ गाळाचा की खड्यांचा, यानुसार उत्तर बदलण्याचीही शक्यता आहे, आणि मग औंसांचा एकच आकडा मागणंच चुकीचं ठरेल. गोटे गोळा करून त्यांना भोकं पाडणारे मासेमार युरोपातल्या तळ्यांवर आहेतच. ते दगड लावतात तो बहुधा शिशाच्या धाकाने किंवा हौस म्हणून, आणि वहीत लिहितात ते पुन्हा लागलेल्या माशांचंच वजन.